बी.एस्सी.नंतरची दोन वर्षे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात धाटाव येथे केलेले भाषण)



बक्षीस समारंभात वक्त्याने लवकर आटोपावे, हे मला कळते. मुलांचे डोळे माझ्याकडे नसून या टेबलावरच्या चकचकीत कपांकडे आहेत. तरीही चिटणीससाहेबांनी आग्रहाने बोलावले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. त्यांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे पुढचे नियोजन." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "चाचा, हा विषय कुलगुरूंच्या बैठकीत शोभेल. आपल्याला इथे दहावी-बारावीच्या मुलांना बक्षिसे द्यायची आहेत."

त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण मी तेहतीस वर्षे याच औद्योगिक वसाहतीत केमिस्ट म्हणून काढली. ज्या दोन वर्षांविषयी आज बोलणार आहे, ती दोन वर्षे माझ्या आयुष्यात आली नाहीत आणि माझ्याच हाताने मी ती माझ्या मुलीच्या आयुष्यातही येऊ दिली नाहीत. म्हणून हा विषय मी कुलगुरूंवर सोडायला तयार नाही.

प्रथम एक हिशेब सांगतो. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यातली पुष्कळ आकडेवारी आपण व्यासपीठांवरून ऐकली आहे. पण त्यातले एक वाक्य फारसे कुणी सांगत नाही. देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात दर पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम विद्यार्थी आढळला आणि पदव्युत्तर वर्गात दर पन्नासांमागे एक. त्या वेळी जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत आपले प्रमाण तेरा टक्क्यांहून थोडे अधिक होते, म्हणजे पंचवीसांत तीन. तिथे एक होता. हे दुःख जुने आहे आणि त्यावर भाषणे झाली आहेत. मला बोचते ते दुसरे. पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेल्या त्या एकाचाही पुढच्या दाराशी निम्मा होतो. बी.एस्सी.ची परीक्षा पास झालेला मुलगा हुशार नाही, असे कोण म्हणेल? त्याने गणित केले आहे, प्रयोग केले आहेत, इंग्रजीतून पेपर लिहिले आहेत. मग तो जातो कुठे?

आपल्या भागापुरते उत्तर मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही. मुलगा असेल तर कुवेतला, दोह्याला, नाहीतर बोटीवर. वडील तिथे असतात, मामा तिथे असतो, व्हिसा येतो. मी त्याला नावे ठेवत नाही. आपल्या कोकणातल्या निम्म्या घरांची छपरे त्या पैशांनी कौलाची स्लॅबची झाली. मुलगी असेल तर बी.एस्सी.च्या निकालाच्या आधीच मागणे आलेले असते. तिसरा रस्ता आमचा, वसाहतीतला. बी.एस्सी. झालात, या उद्यापासून, जनरल शिफ्टला. मी १९८१ साली असाच चिकटलो. पगार मिळाला तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले.

पहिली दहा वर्षे काही वाटले नाही. मग असे होऊ लागले की ज्या पोराला मी ब्युरेट धरायला शिकवले, तो एम.एस्सी. करून परत यायचा आणि माझ्या टेबलाच्या पलीकडे बसायचा. तो नमुन्याचा आलेख बघून सांगायचा की अशुद्धता कुठल्या पायरीवर शिरली. मला अशुद्धता आहे एवढे कळायचे, ती आली कुठून हे कळायचे नाही. अनुभवाने मी पुष्कळदा बरोबर ओळखायचो, पण ओळखणे आणि सिद्ध करणे यांत पगाराच्या दोन पायऱ्या असतात. कुणी माझ्यावर अन्याय केला असे मी म्हणत नाही. ते ज्ञान माझ्याजवळ नव्हते, इतकेच.

आता विद्यापीठाकडे येतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. आपल्याला वाटते, तेव्हापासून तिथे प्राध्यापक शिकवीत असतील. तसे नव्हते. पहिली साठ-बासष्ट वर्षे हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारे होते. शिकवायची महाविद्यालयांनी, पदवी द्यायची विद्यापीठाने. स्वतःचा शिक्षण विभाग १९१९ साली सुरू झाला, तो अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा. आणि मग १९३३ साली एक गोष्ट घडली, जी धाटावच्या माणसाने अवश्य माहीत करून घ्यावी. १ ऑक्टोबर १९३३ रोजी विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग उघडला. आमची पिढी त्याला यू.डी.सी.टी. म्हणते. तुम्ही आता त्याला आय.सी.टी. म्हणता, कारण २००८ साली तो विद्यापीठातून वेगळा होऊन स्वतःच अभिमत विद्यापीठ झाला. माटुंग्याला आहे.

हा विभाग कशासाठी निघाला? मुंबईत कापड गिरण्या होत्या. कापड रंगवायला रंग लागतात, कापडावर प्रक्रिया करायला रसायनशास्त्र लागते. रंग परदेशातून येत आणि रंगाचे जाणकारही परदेशातून येत. म्हणून सुरुवातीला शिकवायला घेतले ते दोनच विषय, एक कापडाचे रसायन आणि दुसरा रासायनिक अभियांत्रिकी. पाठीशी सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या विश्वस्त निधीचा पैसा होता, म्हणजे गिरणी मालकांच्याच घरचा. पुढे के. वेंकटरामन हे तिथले पहिले भारतीय संचालक झाले. रंगांच्या रसायनशास्त्रावर त्यांचा शब्द जगात मानला जाई. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

पालकहो, यातली मेख लक्षात घ्या. शेजारी जो धंदा होता, त्याची जी गरज होती, तिच्यातून विद्यापीठाचा सर्वांत नावाजलेला पदव्युत्तर विभाग जन्माला आला. तो आभाळातून पडला नाही. कुणीतरी मागितला, कुणीतरी पैसा दिला, कुणीतरी अभ्यासक्रम लिहिला.

आता आपल्या दाराशी काय आहे ते बघा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे कुंडलिकेच्या काठी ही धाटावची वसाहत उभी राहिली. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी नदीला बारमाही वाहते ठेवते, डोलवहाळला ते अडवले जाते. रसायनाच्या कारखान्याला पाणी पहिले लागते, म्हणून कारखाने इथे आले. इथे रंगद्रव्ये होतात, कीटकनाशकांची रसायने होतात, औषधांचा कच्चा माल होतो. पुण्याची सुदर्शन केमिकल ही कंपनी इथे रंगद्रव्ये करते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मार्च २०२५ मध्ये याच कंपनीने जर्मनीच्या ह्यूबाख समूहाचा रंगद्रव्यांचा व्यवसाय ताब्यात घेतला. ह्यूबाखने क्लॅरियंटचा रंगद्रव्य व्यवसाय २०२२ साली घेतला होता, म्हणजे धाटावमधला तो जुना कारखानाही त्याच पदरात आला. ज्या जर्मनीकडून आपण रंग करायला शिकलो, तिथला कारभार आता आपल्या शेजारच्या फाटकातल्या कंपनीकडे आहे. त्या कारभारात जी माणसे बसतील ती कोण असतील? बी.एस्सी. जनरल शिफ्ट नव्हे. पदार्थाचे कण का फुटतात, रंग उन्हात का उडतो, युरोपचा नवा नियम कुठले रसायन बंद करणार आहे, हे ज्याला सांगता येईल तो बसेल. आपली मुले फाटकाच्या आत रोज जातात. पण त्या खोलीत किती जातात?

रोह्याच्या मातीला उच्च शिक्षणाचे नियोजन परके नाही. चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मले, त्यांचे घराणे रोह्याचे आणि त्यांचे बालपणही इकडेच गेले. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई इलाख्यात पहिले आले, केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले. त्यात रसायनशास्त्रही होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आपण त्यांना ओळखतो, अर्थमंत्री म्हणून ओळखतो. पण १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, हे त्यांच्या नावाच्या रोह्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनाही विचारून बघा, दहांत दोघे सांगतील. देशातल्या विद्यापीठांना पैसा कुठे द्यायचा, कुठला विभाग वाढवायचा, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर रोह्याचा माणूस बसला होता.

आणि त्याच १८९६ साली, नोव्हेंबरमध्ये, मुंबईत सालिम अली जन्मले. सेंट झेवियर्समध्ये पहिले वर्ष त्यांना जड गेले आणि ते शिक्षण सोडून ब्रह्मदेशात निघून गेले. पुढे बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझेमान यांच्याजवळ पक्षिशास्त्र शिकून आले, तर इथे नोकरी नाही. तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीमच्या घरी येऊन राहिले आणि १९३० च्या पावसाळ्यात दारातल्या सुगरणीची घरटी बघत बसले. सुगरणीच्या संसारावरचे त्यांचे ते काम शास्त्रज्ञांत गाजले. पुढे मुंबई विद्यापीठाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला संशोधनासाठी मान्यता दिली आणि ज्या माणसाकडे स्वतःची नेहमीची पदवी नव्हती, त्यांच्या हाताखाली मुले एम.एस्सी. आणि पीएच.डी. झाली. मी हे मनोरंजनासाठी सांगत नाही. विद्यापीठाने मनात आणले तर पदव्युत्तर शिक्षण त्याच्या आवाराबाहेरही जाऊ शकते. जिथे जाणकार आहे आणि काम आहे, तिथे. किहीमच्या झाडाखाली काम होऊ शकते, तर धाटावच्या प्रयोगशाळेत का होऊ नये?

आता कायदा सांगतो. जरा रूक्ष आहे, पण दोन मिनिटे ऐका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला दर पाच वर्षांसाठी एक बृहत् आराखडा करावा लागतो. कुठल्या तालुक्यात नवे महाविद्यालय हवे, कुठे कुठला अभ्यासक्रम हवा, हे त्यात लिहायचे. अधिष्ठाता मंडळ तो तयार करते, पुढे तो विद्यापीठाच्या परिषदांतून आणि अधिसभेतून जातो आणि शासनाच्या पातळीवर मान्य होतो. आराखड्यात जे बसत नाही, त्याचा अर्जच विचारात घेतला जात नाही. म्हणजे उद्या एखाद्या संस्थेजवळ पैसा आहे, इमारत आहे, प्राध्यापक आहेत, आणि आराखड्यात रोह्याचे नाव नाही, तर दार बंद. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ चा आहे. पुढचा २०२९ पासूनचा, आणि तो त्याच्या आधीच लिहिला जाणार. मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे आहेत. एवढ्या पसाऱ्यात जो बोलेल त्याचे लिहिले जाईल.

बोलायचे कुठे? अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. त्यासाठी पदवीधराने आपले नाव विद्यापीठाकडे नोंदवावे लागते, ते आपोआप येत नाही. २०२४ साली ही निवडणूक झाली, तेव्हा सात जिल्ह्यांचे मिळून मतदार हजारांत मोजण्याएवढे होते, लाखांत नव्हे. ग्रामपंचायतीला आपण दुबईहून माणूस आणून मतदान करतो. या सभागृहात बसलेल्या पदवीधरांपैकी कुणाचे नाव त्या यादीत आहे? हात वर करा. (दोन हात वर झाले.) ठीक आहे. त्यातला एक माझा आहे, आणि तोही मी परवाच्या निवडणुकीच्या निमित्ताने नोंदवला. त्यामुळे मला फुशारकी मारता येत नाही.

मागायचे काय, यावर मात्र माझे मत थोडे वेगळे आहे आणि काहींना ते आवडणार नाही. दरवर्षी कुणीतरी म्हणते की आपल्याकडे सगळे पदव्युत्तर वर्ग सुरू करा, म्हणजे मुलांना मुंबईला जावे लागणार नाही. मी त्याच्या विरुद्ध आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, ग्रंथालयात मासिक येत नाही, एक यंत्र आहे ते कपाटात, आणि वर्ग मात्र एम.एस्सी.चा. असा वर्ग मुलाला दोन वर्षे आणि एक कागद देतो. असे एम.एस्सी. झालेले उमेदवार मी मुलाखतीला बसवले आहेत. क्रोमॅटोग्राफीवर सुंदर व्याख्या पाठ, पण यंत्रात नमुना कधी सोडलेला नाही. त्यांना मी नाही म्हटले, आणि घरी येऊन मला जेवण गेले नाही, कारण त्यात त्या पोरांचा दोष नव्हता.

म्हणून मी म्हणतो, एकच अभ्यासक्रम मागा, पण पुरता मागा. विश्लेषण रसायनशास्त्राचा एम.एस्सी.चा वर्ग, ज्याचे निम्मे शिक्षण वर्गात आणि निम्मे वसाहतीतल्या प्रयोगशाळांत होईल. महाविद्यालयाला जी यंत्रे परवडत नाहीत ती इथे चोवीस तास चालू आहेत. शिकवायला माणसे कुठून आणायची, असे विचारले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली नियम केला आहे की, उद्योगात वरच्या जागी निदान पंधरा वर्षे काम केलेल्या जाणकाराला, त्याच्याकडे पीएच.डी. नसली तरी, शिकवायला नेमता येते. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी माणसे घेता येतात. इंग्रजीत त्यांना प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणतात. आमच्यासारखे निवृत्त लोक रोज संध्याकाळी नाक्यावर राजकारण सोडवतात. त्यांना कामाला लावा.

आणि त्या अभ्यासक्रमात पाण्याचा विषय हवाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आपल्या कुंडलिकेचे नाव आले. ज्या कारखान्यांनी आपल्याला भाकरी दिली, त्यांचेच हे सांडपाणी. मी त्यातलाच एक होतो, तेव्हा बोट दाखवताना तीन बोटे माझ्याकडे वळतात. वसाहतीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. त्यात काय येते, काय जाते, खाली खाडीत कोळ्यांच्या जाळ्यापर्यंत काय पोहोचते, हे दोन वर्षे शिस्तीने मोजणारी इथलीच मुले असतील, तर कारखान्याचेही हित आहे आणि गावाचेही.

आता हे आजच बोलण्याचे कारण. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी पद्धत सुरू झाली. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांची तीन वर्षे २०२७ मध्ये पुरी होतात. तिथे दोन फाटे आहेत. तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडायचे, आणि पुढे शिकायचे तर नेहमीसारखे दोन वर्षांचे एम.एस्सी. करायचे. किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायचे आणि मग एम.एस्सी. एका वर्षात संपवायचे. चौथे वर्ष करून ज्याला पंचाहत्तर टक्के मिळतील, तो थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही पात्र ठरतो. कागदावर हे फार छान आहे. पण संशोधनाचे चौथे वर्ष शिकवायला मार्गदर्शक लागतो, प्रयोगशाळा लागते. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात ती असते. लहान गावातल्या महाविद्यालयात ती नसली, तर तिथला मुलगा तीन वर्षांवर बाहेर पडणार आणि आपण म्हणणार, त्याला पुढे शिकायचेच नव्हते.

माझी नात त्या पहिल्या तुकडीत आहे. परवा तिने मला विचारले, "नाना, चौथे वर्ष कुठे करायचे?" मला लगेच उत्तर देता आले नाही, कारण हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत तिच्या आईने मला १९९८ साली विचारला होता.

ती गोष्ट मी आजवर बाहेर बोललो नाही. माझी मुलगी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली. मुंबईला एम.एस्सी.च्या यादीत तिचे नाव लागले. मी स्वतः गाडीने जाऊन यादी बघून आलो. वसतिगृहात जागा मिळाली नाही. दिवा-रोहा गाडीने रोज जाऊन येऊन प्रयोगशाळेचे शिक्षण होत नाही, हे मलाच ठाऊक होते. नातेवाइकांकडे ठेवायचे, तर त्यांचे घर दोन खोल्यांचे. मी म्हटले, "पुढच्या वर्षी बघू." ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिचा निकाह झाला. मुलगा चांगला, घर चांगले, आजही सगळे सुखात आहेत, अल्लाहची मेहेरबानी. पण तिची प्रयोगाची वही आमच्या लाकडी पेटीत आहे. पावसाळ्यापूर्वी पेटी उन्हात ठेवतो, तेव्हा ती मी बाहेर काढतो आणि परत आत ठेवतो. इल्मासाठी चीनपर्यंत जा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी तेहतीस वर्षे ते इतरांना ऐकवले, आणि माझी मुलगी माटुंग्यापर्यंतही पोहोचू शकली नाही.

तिच्या बाबतीत अडले ते एका खाटेवर. एका खोलीत एक खाट, एक टेबल, आणि खाली दारावर एक भरवशाची बाई. यासाठी विद्यापीठाचा आराखडा नको, शासनाचा निर्णय नको. शंभर वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी याहून मोठे केले आहे. मुंबईची विज्ञान संस्था १९२० साली उभी राहिली, तिच्या देणगीदारांत सर करीमभाई इब्राहिम होते. सर मोहम्मद युसुफ यांनी १९१४ साली मुस्लिमांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले, त्यातून पुढे १९३० साली जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ महाविद्यालय निघाले. त्याच गृहस्थांनी आपल्या जिल्ह्यात न्हाव्याला १९१० साली खलाशांची शाळा काढली, तीच टी.एस. रहमान. आपल्या कोकणी मुलांनी न्हाव्याची वाट बरोबर पकडली, पिढ्यान् पिढ्या बोटीवर गेली. विज्ञान संस्थेची वाट मात्र आपण तेवढी पकडली नाही.

खर्चाचा प्रश्न कुणी विचारील, तर खरे सांगतो. पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती, २००९ पासून. केंद्र सरकारने ती २०२२-२३ पासून बंद केली. त्याबद्दल जी नाराजी व्यक्त करायची ती योग्य ठिकाणी करावी. पण एक दार उघडे आहे आणि ते जात-धर्म न बघता उघडे आहे. रसायनशास्त्राची सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट परीक्षा देऊन जो कनिष्ठ संशोधक फेलो होतो, त्याला महिना सदतीस हजार रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासून आहे. संशोधन करायचे आणि वर पगारासारखा पैसा घ्यायचा. आय.आय.टी.त एम.एस्सी. करायचे तर जॅम नावाची परीक्षा आहे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातच देता येते. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथे रासायनिक अभियांत्रिकी शिकवतात. माटुंगा तर आहेच. आपल्या मुलांना या परीक्षांची नावे तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर कळतात, तोपर्यंत अर्जाच्या तारखा उलटून गेलेल्या असतात. माझ्या मते संस्थेने पुढच्या वर्षी एखादा कप कमी द्यावा आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना या अर्जांची फी भरून द्यावी. अध्यक्षसाहेब हसत आहेत, म्हणजे त्यांना मान्य असावे.

एक शंका मघाशी चहाच्या वेळी एका भाईंनी काढली. इतके शिकून बेकार बसलेले एम.एस्सी. आम्ही बघितले आहेत, असे ते म्हणाले. मीही बघितले आहेत, वर सांगितलेच. म्हणून तर कुठला एम.एस्सी., कुणाच्या हाताखाली, कुठल्या यंत्रावर, हे आधी विचारायचे. लग्नाचे स्थळ बघताना आपण तीन पिढ्या विचारतो आणि मुलाच्या दोन वर्षांसाठी फक्त फी किती एवढेच विचारतो. ज्या वर्गात मागच्या तीन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत हे विभागप्रमुखांना सांगता येत नाही, तिथे मुलाला घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मग तो वर्ग कितीही जवळ असो.

संस्थेकडे माझे दोनच अर्ज आहेत. पनवेलला किंवा मुंबईत, आपल्या तालुक्यातल्या मुलींसाठी भाड्याने का होईना, एक जागा घ्यावी. सुरुवातीला चार खाटा पुरेत. चारांपैकी एक खाट समाजाबाहेरच्या मुलीसाठी असावी. धाटावला माझ्या शेजारी आयुष्यभर पाटील आणि ठाकूर राहिले, त्यांच्या मुलींनाही गाडी तीच आहे. आणि दुसरे, आपल्या शाळेतून गेल्या दहा वर्षांत बारावी विज्ञान झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद करावी. पदवी कुठे, पुढे काय, थांबला तर कशामुळे. पुढच्या आराखड्याच्या वेळी आपण विद्यापीठाकडे जाऊ, तेव्हा "आमच्यावर अन्याय" असे तोंडी सांगण्यापेक्षा ही वही टेबलावर ठेवू. केमिस्टचा स्वभाव आहे, मोजल्याशिवाय मला बोलता येत नाही.

वही मी आणली आहे. दोनशे पानी आहे, पहिल्या पानावर मी १९९८ सालची एक नोंद स्वतःच करून ठेवली आहे, कारणाच्या रकान्यात "वसतिगृह" असे लिहिले आहे. येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी शाळेच्या कचेरीत बसेन. ज्यांची मुले-मुली विज्ञानाच्या पदवीला आहेत त्यांनी यावे, मुलीला बरोबर आणावे, तिचे गुणपत्रक आणावे. पदवीधर असाल तर पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि एक फोटो आणा, विद्यापीठाच्या मतदारयादीत नाव कसे घालायचे ते तिथेच बघू. जुम्म्याला मशिदीतही ही सूचना देण्याचे इमामसाहेबांनी कबूल केले आहे.

आता मुले कंटाळली. कप वाटायला सुरुवात करू. खुदा हाफिज.